दत्तक : मांडीवरून कागदावर

मूल दत्तक घेण्याला मराठीत ‘मांडीवर घेणं’ म्हणतात. उर्दूत त्यासाठी ‘लेपालक’ असा शब्द आहे. लेपालक म्हणजे घेऊन पाळलेलं मूल. दोन्ही शब्द मायेचेच, पण त्यांत मोठा फरक आहे. मांडीवर घेतलेला मुलगा घराचं नाव लावतो, घराचा वारस होतो. लेपालक मूल त्याच ताटात जेवतं, त्याच अंथरुणात झोपतं, पण वारसांची यादी लिहायची वेळ आली की त्याचं नाव त्यात नसतं. मी मराठीत कविता लिहितो आणि घरात नमाज, रोजे पाहत वाढलो, त्यामुळे हे दोन्ही शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

अलीकडे मूल दत्तक घेऊ पाहणारी तरुण जोडपी भेटतात. त्यांची तक्रार बहुधा एकच असते. एवढे कागद कशाला? वर्षानुवर्षं वाट का पाहायची? मूल आपण निवडायचं नाही, हा कुठला न्याय? मी वकील नाही. परंतु या प्रश्नांची उत्तरं कायद्याच्या पुस्तकापेक्षा इतिहासात अधिक नीट सापडतात, असं मला वाटतं. या वाटेवरची जवळजवळ प्रत्येक पायरी कुठल्या तरी जुन्या अन्यायाच्या जागी बांधलेली आहे. पायरी का बांधली हे कळलं, तर ती चढताना दम कमी लागतो.

महाराष्ट्राला दत्तकाचा इतिहास नवा नाही. 1848 मध्ये साताऱ्याचे शहाजीराजे वारले. मरण्यापूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. कंपनी सरकारने, म्हणजे गव्हर्नर जनरल डलहौसीने, तो मान्य केला नाही आणि सातारचं राज्य खालसा झालं. झाशीच्या गंगाधररावांनी नोव्हेंबर 1853 मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी मूल मांडीवर घेतलं, त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. तेही नामंजूर झालं, आणि पुढे 1857 मध्ये काय घडलं ते आपण शाळेत शिकलो आहोत. दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांची तक्रारही पेन्शन नाकारल्याचीच होती. उठावानंतर इंग्रजांनी धोरण बदललं आणि 1862 मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. म्हणूनच 1875 मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंना नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेता आला, तेच पुढे सयाजीराव महाराज. 1884 मध्ये कोल्हापूरच्या आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव मांडीवर घेतला, तेच राजर्षी शाहू. दत्तकाने महाराष्ट्राला दिलेली ही दोन माणसं आठवली, तरी रक्ताच्या नात्याचा अभिमान थोडा कमी व्हावा.

पण या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट समान आहे. गरज घराला होती, गादीला होती, पिंडदानाला होती. मुलाला घर हवं होतं म्हणून कोणी त्याला घेतलं नव्हतं. जुन्या धर्मशास्त्राची मांडणीही तशीच होती. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. मूल द्यायला आई किंवा बाप हवा. ज्याला आईबापच नाहीत, त्याला देणार कोण? म्हणजे ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, तो अनाथ मुलगाच दत्तक जाण्यास अपात्र! मुलीचा तर, काही ठिकाणच्या रूढी सोडल्या, तर प्रश्नच नव्हता. वारस म्हणजे मुलगा, आणि तोही जातीतला.

हा नियम मोडणारं पहिलं ठळक घर पुण्यातलं होतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने 1874 मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत. गादी नव्हती, जहागीर नव्हती, जातही एक नव्हती. 1890 मध्ये जोतीराव गेले, तेव्हा दत्तक मुलाच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं, असं चरित्रकार सांगतात. यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये आईने रोगी आणावेत आणि मुलाने त्यांच्यावर उपचार करावेत, असं चाललं होतं. त्या प्लेगमध्येच सावित्रीबाई गेल्या. पंढरपुरातही 1875 मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अशा मुलांसाठी आश्रम काढला. वारीच्या गर्दीत आणि वाळवंटात टाकून दिलेल्या बाळांना त्यामुळे छप्पर मिळालं. या दोन ठिकाणी दत्तकाचा प्रश्न पहिल्यांदा उलटा विचारला गेला. घराला मूल कोण देणार, असा तो राहिला नाही. मुलाला घर कोण देणार, असा झाला.

आता आमच्या बाजूकडे वळतो. पैगंबर स्वतः जन्मापूर्वीच पितृहीन झाले होते. आजोबांनी आणि नंतर चुलत्यांनी त्यांना वाढवलं. अनाथाचा सांभाळ हे इस्लाममध्ये मोठ्या पुण्याचं काम मानलेलं आहे. पैगंबरांनी झैद नावाच्या मुलाला आपला मुलगा मानलं होतं, लोक त्याला त्यांच्याच नावाने हाक मारत. पुढे कुराणातल्या ‘अल्-अहजाब’ या सुऱ्यात असा आदेश आला, की मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने ओळखा. झैद पुन्हा हारिसाचा मुलगा झाला. यावरून धर्मशास्त्रींनी ठरवलं, की मूल सांभाळा, शिकवा, त्याचं लग्न करून द्या, पण वंश बदलू नका. वारसाहक्काने त्याला काही मिळणार नाही; मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंत आणि हयातीत बक्षीसपत्राने, म्हणजे हिब्याने, देता येईल.

मात्र व्यवहार नेहमीच शास्त्राप्रमाणे चालला नाही. अवधमध्ये 1869 च्या कायद्याने मुसलमान तालुकदारांनाही दत्तक घेण्याची मुभा होती. पंजाब-सिंधकडच्या काही मुस्लिम समाजांत रूढीने दत्तक चालत असे. 1937 मध्ये शरियत कायदा आला. लग्न, तलाक, मेहर या बाबतींत तो सर्व मुसलमानांना सरसकट लागू झाला. दत्तक मात्र त्या यादीत नव्हतं. ते वेगळ्या कलमात टाकलं गेलं. ज्याला त्या बाबतीतही शरियत हवी असेल, त्याने तसं लेखी जाहीर करावं, अशी सोय केली गेली. म्हणजे दत्तकाच्या प्रश्नावर मुसलमान समाजात सदैव एकच मत होतं, असं आज जे सांगितलं जातं, ते इतिहासाला धरून नाही.

तरीही साध्या मुसलमान, ख्रिस्ती किंवा पारशी जोडप्याला रीतसर दत्तक घेण्यासाठी कायदाच नव्हता. त्यांच्या हाती होता 1890 चा ‘पालक आणि पाल्य’ कायदा. कोर्टात अर्ज करा, पालक व्हा, मूल सांभाळा. पण पालक म्हणजे आईबाप नव्हे. मूल सज्ञान झालं की पालकत्व संपतं.

याचा अर्थ मी माझ्या परिचयातल्या एका कुटुंबात पाहिला. नवरा-बायको दोघंही शिक्षक. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी एका तान्ह्या मुलीचं पालकत्व कोर्टातून घेतलं. मुलगी त्यांच्या जिवाचा तुकडा होती. शाळेच्या अर्जात वडिलांच्या रकान्यासमोर काय लिहायचं, इथपासून अडचणी सुरू झाल्या. मुलगी सज्ञान झाली त्या दिवशी घरात गोड झालं, आणि त्याच दिवशी कायद्याच्या नजरेत ती त्या घरात कोणीच उरली नाही. निकाहाच्या वेळी रजिस्टरात बापाचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मांडव दोन मिनिटं गप्प झाला. शेवटी त्या रकान्यात ‘परवरिश करणारे’ असं लिहून त्यापुढे मास्तरांचं नाव टाकण्यात आलं. मास्तर हसले, पण त्यांचा हात थरथरत होता. वीस वर्षं रात्री उठून ताप पाहणाऱ्या माणसाला कायद्यात बापाचा शब्द नव्हता.

हिंदूंसाठी 1956 मध्ये दत्तक व निर्वाह कायदा झाला. बौद्ध, जैन आणि शीखही त्यात आले. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, जातीची अट गेली. 1962 च्या दुरुस्तीने टाकून दिलेलं आणि आईबाप माहीत नसलेलं मूलही कोर्टाच्या परवानगीने दत्तक देता येऊ लागलं. फुल्यांच्या घरात जे घडलं होतं, ते कायद्यात यायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

सर्व धर्मांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचा प्रयत्न 1972 मध्ये झाला. कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी राज्यसभेत विधेयक मांडलं. मुस्लिम नेत्यांनी विरोध केला. धर्मात ढवळाढवळ होते, असं त्यांचं म्हणणं होतं. दत्तक घेण्याची सक्ती कोणावरच नव्हती, फक्त ज्याला घ्यायचं त्याला दार उघडं होणार होतं. पण हे म्हणणं कोणी ऐकून घेतलं नाही. 1978 मध्ये ते विधेयक मागे घेण्यात आलं. 1980 च्या दुसऱ्या विधेयकातून मुसलमानांना वगळलं. मग पारशी समाजातल्या काहींनी आम्हालाही वगळा म्हणून मागणी केली. तेही विधेयक मार्गी लागलं नाही. या भांडणात मोठमोठी भाषणं झाली. पाळण्यातल्या मुलांच्या बाजूने मात्र फार थोडे लोक बोलले.

दार उघडलं ते वेगळ्याच बाजूने. भारतीय मुलांना दत्तकाच्या नावाखाली परदेशी पाठवण्यात गैरप्रकार होत असल्याचं पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. 1984 मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी त्यावर सविस्तर निकाल दिला. आधी देशात घर शोधा, जोडप्याची चौकशी करा, मुलाची कागदपत्रं तपासा, पैशाचा व्यवहार होऊ देऊ नका, असे नियम त्यातून घडले. पुढे 1990 मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे ‘कारा’, उभी राहिली. मग 2000 चा बालन्याय कायदा आला. अनाथ, टाकलेल्या आणि स्वाधीन केलेल्या मुलांच्या पुनर्वसनाचा एक मार्ग म्हणून त्यात दत्तकाची तरतूद होती, आणि घेणाऱ्याच्या धर्माची अट नव्हती. 2006 च्या दुरुस्तीने दत्तक मुलाचे सर्व हक्क स्पष्ट केले.

शबनम हाश्मी यांनी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. 19 फेब्रुवारी 2014 रोजी तिचा निकाल लागला. बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येतं, हे न्यायालयाने नि:संदिग्धपणे सांगितलं. हा कायदा ऐच्छिक आहे. ज्याला आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे वागायचं त्याने तसं वागावं, पण त्या श्रद्धेमुळे दुसऱ्याची वाट अडू नये, असा त्याचा आशय. दत्तक घेणं हा मूलभूत हक्क मात्र न्यायालयाने तेव्हा ठरवला नाही. त्यानंतरच्या 2015 च्या बालन्याय कायद्यात तर धर्म कोणताही असला तरी, असे शब्दच आहेत. दत्तक मूल पोटच्या मुलासारखंच मानावं आणि मृत्युपत्र नसेल तेव्हाच्या वारसाहक्कातही, असं तो कायदा म्हणतो.

आता आजची वाट. ती या इतिहासाच्या उजेडात पाहू या.

सुरुवात ‘कारा’च्या ऑनलाइन नोंदणीने होते. ओळख, पत्ता, उत्पन्न, लग्नाचा दाखला, वैद्यकीय दाखला असे कागद लागतात. ते आधी गोळा करून, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना हे पाहून मगच अर्ज भरावा. निम्मा वेळ तिथे वाचतो. आमच्यात एका कागदावर शेख, दुसऱ्यावर वडिलांचं नाव पुढे, असं फार आढळतं, ते आधी दुरुस्त करून घ्यावं. जोडप्याचा संसार किमान 2 वर्षांचा हवा, दोघांची संमती हवी. वयाचाही हिशेब आहे. 2 वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल, तर दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या आत हवी. 2 ते 4 वर्षांसाठी 90, 4 ते 8 साठी 100 आणि त्यापुढे 110. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. लग्नाला पंधरा वर्षं होईपर्यंत दवाखाने आणि दर्गे करत राहायचं आणि मग इकडे वळायचं, ही आपल्याकडची रीत आहे. या आकड्यांकडे पाहून ती बदलावी.

त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येतो आणि गृहभेटीचा अहवाल तयार करतो. कागद भरल्यापासून 2 महिन्यांत तो व्हावा, अशी अपेक्षा असते. पुष्कळांना ही परीक्षा वाटते, घराला रंग दिला जातो. त्याची गरज नाही. तुम्ही मूल का घेता, घरातल्या म्हाताऱ्यांना ते मान्य आहे का, मुलाला तुम्ही सत्य सांगणार आहात का, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. मोकळेपणाने बोललं की अहवाल चांगला होतो.

मग वाट पाहणं. देशभरात नोंदणी केलेली जोडपी 30 हजारांहून अधिक, आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं त्या मानाने फार थोडी. वर्षाला चार-साडेचार हजार दत्तकं होतात. त्यामुळे तान्ह्या बाळासाठी तीन वर्षं आणि त्याहून जास्तही थांबावं लागतं. मूल ‘मोकळं’ होण्यालाही वेळ लागतो. ज्या आईने मूल स्वाधीन केलं, तिला मन बदलण्यासाठी 60 दिवस दिलेले आहेत. टाकलेल्या मुलाच्या आईबापांचा आधी शोध घेतला जातो, मगच बाल कल्याण समिती त्याला मोकळं ठरवते. आपण इकडे दिवस मोजत असतो, तेव्हा तिकडे एखादी काशीबाई आपल्या निर्णयाचा पुन्हा विचार करत असते. तेवढा वेळ तिचा हक्क आहे.

नोंदणीच्या क्रमाने पाळी आली, की मुलाचं छायाचित्र आणि अहवाल पाठवले जातात. 48 तासांत होकार कळवायचा असतो. वैद्यकीय अहवाल आपल्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवता येतो. अशा संधी एकूण तीनच. रंग, जात, नाकडोळे पाहून मुलं नाकारली जाऊ नयेत, म्हणून ही मर्यादा आहे. मोठ्या वयाची, भावंडांसह असलेली आणि विशेष गरजा असलेली मुलं मात्र आईबापांची वाट पाहत तिथेच वाढतात. ज्यांच्या मनात जागा आहे, त्यांच्यासाठी ही वाट बरीच जवळची आहे.

मूल आधी तात्पुरतं घरी येतं, मग अंतिम आदेश होतो. पूर्वी तो न्यायालय देत असे. 2021 च्या दुरुस्तीनंतर, 1 सप्टेंबर 2022 पासून हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. पुढे 2 वर्षं दर सहा महिन्यांनी मुलाची विचारपूस होते. भावाचं किंवा बहिणीचं मूल घ्यायचं असेल, तर त्यासाठीही या कायद्यात सर्वधर्मीयांना सोय आहे. तीही नोंदणीनेच करावी, घरातल्या घरात शब्दावर ठेवू नये. आणि एखाद्या दवाखान्यातून ‘सोपं करून देतो’ असं कोणी म्हणालं, तर तिथून निघून यावं. रीत डावलून मूल देणं-घेणं हा 3 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि विकत घेण्याला शिक्षा याहून मोठी आहे. अशा आणलेल्या मुलाचं मूळ कायमचं हरवतं, हे त्याहूनही वाईट.

या मुळाविषयी शेवटी थोडं बोलायला हवं. मुसलमान जोडपी मला दबक्या आवाजात विचारतात, हे धर्माविरुद्ध नाही ना? मी मौलवी नाही, फतवा देणार नाही. मला दिसतं ते सांगतो. जुन्या दत्तविधानाने मुलाला पूर्ण हक्क दिले, पण त्याचं मूळ गोत्र पुसलं. आमच्या परंपरेने मूळ जपायला सांगितलं, पण हक्क दिले नाहीत. आजचा कायदा हक्क पूर्ण देतो आणि मूळही नोंदवून ठेवतो. मूल मोठं झाल्यावर त्याला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. मुलाला लहानपणापासून खरं सांगा, असं आज समुपदेशक कळकळीने सांगतात. कोणाला त्याच्या जन्माबद्दल खोटं सांगू नका, हेच त्या जुन्या आदेशाचं सार नाही का? एवढं करूनही वारसाबद्दल मनात किंतू असेल, भाऊबंदांची भीती असेल, तर हिबानामा आणि मृत्युपत्र हे दोन्ही कागद हयातीतच करून ठेवावेत.

परिचयातल्या त्या मास्तरांना असा कायदा मिळाला नाही. मुलीने मात्र आपल्या मुलाला त्यांना ‘नाना’ म्हणायला शिकवलं, त्यासाठी तिला कुठलं कलम लागलं नाही. पुढच्या आईबापांना कलमही मिळालं आहे. त्याचा उपयोग करावा, आणि वेळेत करावा.